जपानी चित्रमालिका आणि आपला शेजारधर्म



"ह्या वयात कार्टून कसली पाहता?" असे आमच्या एका मैत्रिणीने आम्हाला परवा विचारले. तिला वाटले, आम्ही लाजून विषय बदलू. आम्ही लाजलो नाही. आम्ही कार्टून पाहतो, आवडीने पाहतो आणि पाहून झाल्यावर घरातल्यांशी वादही घालतो. जपानात ह्या चित्रमालिकांना आणि चित्रपटांना ॲनिमे म्हणतात. गेल्या हिवाळ्यात त्यांतली आमच्या आवडीची काही आम्ही पुन्हा पाहिली. एका चित्रपटावरून घरात वाद झाला आणि त्या वादातून आमच्याच घरातली पाच वर्षांपूर्वीची एक गोष्ट आम्हाला प्रथमच कळली. म्हणून हा लेख.

आम्ही समीक्षक नाही. अलिबागच्या मराठी शाळेतून एस. एस. सी. झालो, १९७७ साली आईवडिलांबरोबर इस्राएलला आलो, येथे नर्सिंग शिकलो आणि पस्तीस वर्षे वॉर्डात काढली. तेव्हा जे लिहू ते नर्सच्या नजरेने, हे वाचकांनी समजून घ्यावे.

आमची मुलगी, जावई आणि दोन नातवंडे जपानात ग्योतोकु येथे राहतात. तोक्योच्या पूर्वेला नदी ओलांडली की चिबा प्रांत लागतो. तेथल्या इचिकावा शहराचा हा भाग. तोझाई रेल्वेने तोक्योच्या दिशेने चौथे स्टेशन निशी-कासाई. संगणकाच्या कामासाठी आलेली पुष्कळ भारतीय कुटुंबे तेथे आहेत, आणि तेथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते. ग्योतोकुत मात्र आपली माणसे तुरळक. पूर्वी येथे मिठागरे होती. शोगुनांच्या काळी एदो शहराला, म्हणजे आजच्या तोक्योला, मीठ येथून होड्यांनी जाई. होड्यांच्या धक्क्यावर रात्रभर जळणारा १८१२ सालचा उंच दगडी दिवा अजून नदीकाठी उभा आहे. पेण-उरणची मिठागरे पाहिलेल्या आम्हाला हे ऐकल्यावर ते गाव एकदम ओळखीचे वाटू लागले.

धाकटी नात पाच वर्षांची. तिचा लाडका आन्पानमान. आन्पान म्हणजे आत लाल कडधान्याचे गोड सारण भरलेला पाव, आपल्या पुरणपोळीचा लांबचा भाऊच म्हणा ना. तोक्योच्या किमुराया बेकरीने तो १८७४ साली प्रथम केला. आन्पानमान ह्या वीराचे डोकेच ह्या पावाचे. कोणी भुकेले दिसले की तो उडत येतो, आपल्या चेहऱ्याचा तुकडा मोडतो आणि खायला देतो. चित्रकार ताकाशी यानासे यांनी १९७३ साली त्याचे पहिले चित्रपुस्तक काढले आणि १९८८ पासून त्याची मालिका दूरदर्शनवर चालू आहे. यानासे तरुणपणी सैनिक म्हणून चीनमध्ये होते. तेथे त्यांनी भूक सोसली. त्यांचा धाकटा भाऊ नौदलात होता, तो युद्धात गेला. युद्ध संपल्यावर कालपर्यंत जे न्याय्य म्हणून शिकवले ते एका दिवसात अन्याय्य ठरले. तेव्हा त्यांच्या मनाने घेतले, की कोणत्याही बाजूने पाहिले तरी न फिरणारा न्याय एकच, भुकेल्याला खायला देणे. आणि तो देताना देणाऱ्याला इजा झाल्यावाचून राहत नाही. यानासे २०१३ साली चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन वारले.

मोठ्या माणसांना ही मालिका बाळबोध वाटते, आणि ती तशी आहेही. दर भागात तोच खलनायक, तीच मारामारी. पण आम्हाला तिच्यातली एक गोष्ट फार खरी वाटते. चेहरा ओला झाला किंवा तुकडे देऊन संपला की आन्पानमानची शक्ती जाते आणि तो ते लपवत नाही. शक्ती गेली असे तो उघड सांगतो. मग पाववाला जाम काका नवा चेहरा भाजून देतो. आमच्या वॉर्डात चेहऱ्याचे तुकडे मोडून देणाऱ्या नर्सेस पुष्कळ होत्या. आपली शक्ती गेली असे सांगणारी मात्र शंभरात एखादीच. आम्ही त्या शंभरातल्या एक नव्हतो.

आमची स्वतःची आवड जुनी आहे. ऐंशीच्या दशकात इस्राएलात जी मुले वाढली त्यांना 'हालेव' हे नाव सांगायला नको. आईच्या शोधात निघालेला तो मार्को. एद्मोन्दो दे आमिचिस या इटालियन लेखकाच्या १८८६ सालच्या पुस्तकातली एक छोटी गोष्ट घेऊन जपान्यांनी १९७६ साली तिची बावन्न भागांची मालिका केली. दिग्दर्शक होते इसाओ ताकाहाता. दोन वर्षे आधी 'हायडी' ही मालिका त्यांनीच केली होती. हिब्रूत बोलणारा मार्को आमच्या घरी आला तेव्हा मुलगी चार-पाच वर्षांची होती. आमची ड्यूटी दुपारची असे, यजमान कारखान्यातून उशिरा येत. ती एकटीच बसून मार्को पाही. एकदा तिने विचारले होते, "आई, तूही जहाजाने जाणार का?" आम्ही हसून तिला जवळ घेतले आणि पांढरा गणवेश चढवून कामावर गेलो.

मार्कोची आई जेनोवाहून आर्जेन्टिनाला मोलकरीण म्हणून जाते, कारण वडील गरिबांसाठी दवाखाना चालवतात आणि त्यापायी कर्ज झालेले असते. पुढे तिची पत्रे येईनाशी होतात आणि नऊ वर्षांचा मुलगा समुद्र ओलांडतो. मालिका लांबलेली आहे हा आक्षेप खरा आहे. मधले काही भाग गाळले तरी चालले असते. पण जे टीकाकार तिला नुसती रडवणारी म्हणतात त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. मार्को गुणी बाळ नाही. तो रागीट आहे, वडिलांवर रुसतो, मोठी माणसे आपल्यापासून गोष्टी लपवतात म्हणून चिडतो. आणि प्रवासात त्याला मदत मागावी लागते. रोझारियो गावच्या एका खाणावळीत त्याची हकिकत ऐकून त्याच्याच देशातून आलेले परके लोक टोपी फिरवून त्याच्यासाठी पैसे गोळा करतात. पुढे एका गरीब मुलाची बहीण आजारी पडते तेव्हा मार्को आपल्या रेल्वेभाड्याचे पैसे तिच्या डॉक्टरसाठी देऊन टाकतो. ज्याने घेतले त्यानेच दिले. देशांतर केलेल्या माणसाला ह्यातले अक्षर न् अक्षर कळते. आपण इस्राएलात उतरलो तेव्हा पहिल्या थंडीत ज्याने आपल्याला जाड पांघरूण दिले त्याचे नाव आपल्यापैकी कोण विसरले आहे?

आता ज्यावरून वाद झाला त्या चित्रपटाकडे येतो.

त्याचे नाव 'होतारु नो हाका', म्हणजे काजव्यांचे थडगे. ताकाहातांचाच हा चित्रपट. १९४५ साली कोबे शहरावर बाँब पडतात. आई जाते, वडील नौदलात. चौदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको नात्यातल्या एका विधवा बाईकडे राहू लागतात. अन्नाची टंचाई. जे कामाला जातात त्यांना भात आणि ह्या दोघांना पातळ पेज. बाई टोचून बोलते. सेइता अपमान सहन न होऊन बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या एका रिकाम्या बंकरमध्ये राहायला जातो. तेथे अन्न संपते आणि आधी बहीण, मग तो, असे दोघेही मरतात. मूळ कथा आकियुकी नोसाका यांची, १९६७ सालची. त्यांची स्वतःची लहान बहीण १९४५ साली अशीच उपासमारीने गेली होती. ताकाहाता नऊ वर्षांचे असताना ओकायामा शहरावरच्या बाँबहल्ल्यातून वाचले होते. दोघांनाही हे ऐकीव नव्हते.

नर्स म्हणून आम्हाला त्यातला एक प्रसंग कधीच पुरता पाहवत नाही. सेइता बहिणीला डॉक्टरकडे नेतो. तिला जुलाब होताहेत, अंगावर पुरळ आहे. डॉक्टर पाहतो आणि सांगतो, पौष्टिक खायला द्या. बस. पुढचा रोगी. पौष्टिक आणायचे कोठून, असे मुलगा ओरडून विचारतो. त्याला उत्तर कोणी देत नाही. डॉक्टर खोटे बोलला नाही. निदान अचूक आहे. पण ज्या मुलाच्या पाठीवर मरणारे मूल आहे त्याला एवढेच सांगून बाहेर पाठवणे हा उपचार नव्हे. "पथ्य पाळा, विश्रांती घ्या" असे सांगून आम्हीही किती जणांना घरी पाठवले, की घरी भाकरी कोण भाजते हे विचारले नाही! हा प्रसंग पाहताना ते सगळे चेहरे आठवतात.

हा चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी आला आणि त्याच दिवशी, त्याच तिकिटात, दुसरा चित्रपटही दाखवण्यात आला. तो हायाओ मियाझाकी यांचा 'तोनारी नो तोतोरो'. 'तोनारी' म्हणजे शेजारचा. मुलांना हा तोतोरो फार आवडतो, झाडाच्या ढोलीत राहणारा केसाळ, गुबगुबीत प्राणी. आमचे लक्ष मात्र त्या नावातल्या 'शेजार' ह्या शब्दाकडे जाते. त्यातही दोन भावंडे आहेत, दोन बहिणी. त्यांचीही आई जवळ नाही, ती इस्पितळात आहे. मियाझाकींची स्वतःची आई पाठीच्या कण्याच्या क्षयाने वर्षानुवर्षे आजारी होती. पण ह्या मुलींच्या शेजारी एक आजी आहे. ती घर झाडायला येते, गोड खाऊ पाठवते, मळ्यातली काकडी देते. तिचा नातू भर पावसात आपली छत्री त्या मुलींच्या हातात कोंबून भिजत पळून जातो. धाकटी हरवते तेव्हा अख्खे गाव तळे धुंडाळते. एका चित्रपटात मुलांना शेजार आहे, दुसऱ्यात नाही. एक हसवतो, दुसरा रडवतो, फरक एवढाच आहे असे कित्येकांना वाटते. आमच्या मते दोन्ही चित्रपट शेजाराविषयी आहेत आणि शक्य तर एकापाठोपाठ एकच पाहावेत.

एका रविवारी आम्ही थोरल्या नातवाबरोबर 'काजवे' पाहिला. तो बारा वर्षांचा, जपानी शाळेत जातो. चित्रपट संपला, आम्ही डोळे पुसत होतो आणि तो शांतपणे म्हणाला, "आजी, चूक सेइताची आहे. त्याने बाईची माफी मागून परत जायला हवे होते. तो काम करत नव्हता. बाई बरोबरच बोलली."

आम्हाला धक्का बसला. परंतु हे मत त्याच्या एकट्याचे नाही. आजच्या जपानात पुष्कळ तरुण प्रेक्षक असेच म्हणतात. खुद्द ताकाहातांनी चित्रपट आला त्याच वर्षी ही भीती बोलून दाखवली होती, की उद्या काळ उलटला तर लोक त्या बाईपेक्षाही कठोर होऊन ह्या मुलाला दोषी ठरवतील. त्याच वेळी, सेइताने माणसांपासून तोडून घेतले हेही ते सांगत. ते २०१८ साली वारले. आमचा नातू त्यांच्या भीतीप्रमाणे बोलत होता.

आम्ही त्याला म्हणालो, "अरे, चौदा वर्षांचे पोर ते! माफी कसली मागायची? बाईने हाक मारायला नको होती का?"

तो म्हणाला, "पण त्याने कोणाला सांगितलेच नाही. न सांगता कोणाला कसे कळणार?" मग थोडे थांबून, "मी पण सांगितले नव्हते. आई आजारी होती तेव्हा."

त्यातून जे निघाले ते असे. नात जन्मली तो कोरोनाचा काळ. जपानच्या सीमा बंद, आम्हाला बाळंतपणाला जाता आले नाही. बाळ तीन आठवड्यांचे असताना जावई कामासाठी ओसाकाला गेलेले. मुलीला छातीत गाठ येऊन ताप चढला. अंगावर पाजणाऱ्या आईला हे होते, वेळेवर औषध मिळाले तर बरेही होते, आणि अंगावर काढले तर पू होऊन शस्त्रक्रियेची पाळी येते. तीन दिवस ती पडून होती. आम्ही रोज फोन करत होतो. रोज ती म्हणे, "सगळे छान आहे." नवऱ्यालाही तेच. सात वर्षांच्या मुलाला तिने सांगितले होते, खाली जाऊन कोणाला त्रास द्यायचा नाही. तो पोरगा कोरडा पाव खाऊन गप्प राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरच्या जपानी बाईंनी दार ठोठावले. जपानात ऊन पडले की गच्चीच्या कठड्यावर गाद्या वाळत घालतात. लख्ख ऊन असून तीन दिवस वरच्या घराची गादी बाहेर आली नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्यांनीच टॅक्सी बोलावली, बाळाला धरले आणि मुलीला दवाखान्यात नेले.

जपानी माणसांच्या मनावर लहानपणापासून एक शब्द बिंबवतात, 'मेइवाकु'. दुसऱ्याला आपल्यामुळे होणारा उपद्रव. तो होऊ द्यायचा नाही. त्यामुळेच तेथल्या गाड्यांत शांतता, रस्त्यांवर स्वच्छता. आम्ही मुलीला रागाने म्हणालो, "हे मेइवाकुचे खूळ तू जपानात शिकलीस!"

ती म्हणाली, "नाही आई. हे मी तुझ्याकडे शिकले. तू रात्रपाळीला जाताना शेजारणीला सांगायचीस, माझी पोर शहाणी आहे, कोणाला त्रास देत नाही. मला ते ऐकायला फार आवडायचे."

वाचकहो, पस्तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही रोग्यांच्या नातेवाइकांचे नाही नाही ते बोलणे ऐकून घेतले. त्यातले काही आम्हाला असे लागले नाही.

मग अलिबागची इस्राएल आळी आठवली. आमच्या घराला लागून मुसलमानांचे घर, पलीकडे माळ्यांचे. शनिवारी शब्बाथमुळे आमच्या चुलीचा धूर निघत नसे. हे सगळ्या आळीला ठाऊक होते, कोणी काही विचारत नसे. पण एका बुधवारी सकाळी धूर निघाला नाही, तर नऊ वाजायच्या आत माळीणकाकू दारात, "काय ग, बरं नाही का?" आमच्या आईला मलेरियाची हुडहुडी भरली होती. दोन दिवस भाकऱ्या त्यांच्या घरून आल्या. आईला त्या मागाव्या लागल्या नाहीत, आणि घेताना तिला लाजही वाटली नाही, कारण पुढच्या महिन्यात माळीणकाकूंच्या बाळंतपणात तीच त्यांच्या घरी उभी होती. इस्राएलला आल्यावर मात्र कोणाच्या उपकारात राहायचे नाही, आपण कोणावाचून अडत नाही हे दाखवायचे, असे आमचे झाले. नव्या देशात मान राखायचा होता. तो राखला. पण तो राखताना चुलीचा धूर कोणी पाहू नये अशी व्यवस्था आपणच केली. वॉर्डातही पाहिले. आपल्याच समाजाची एक म्हातारी बाई मधुमेहाने काळा पडलेला अंगठा मोज्यात लपवून दोन आठवडे बसली होती, कारण मुलाला रजा काढावी लागली असती. तिचे पाऊल गेले.

आता नातवाशी झालेल्या वादाचा निकाल. तो अर्धा बरोबर आहे. सेइताने मागायला हवे होते. शेतकरीसुद्धा त्याला परत जा म्हणून सांगतो. पण बारा वर्षांच्या मुलाला आम्ही हेही सांगितले, की ज्याला लहानपणापासून 'मागू नकोस' एवढेच शिकवले त्याने वेळ आली असता मागावे कसे? त्या बाईने पेज पातळ केली हा तिचा मोठा दोष नव्हे. टंचाईत घराघरांत तेच चालले होते. मुले निघून गेल्यावर तिने एकदाही त्या बंकरकडे जाऊन पाहिले नाही, हा तिचा दोष. डॉक्टरचा दोष तोच, आणि सगळ्या गल्लीचाही तोच. ताकाहातांनी कोणालाच राक्षस केले नाही. प्रत्येकाने फक्त आपापले पाहिले आणि मूल मेले. म्हणून हा चित्रपट नुसता युद्धाविरुद्धचा नाही. असे मरण भरल्या शहरात, शांततेच्या काळातही येऊ शकते.

नातू ऐकून म्हणाला, "मग मी त्या दिवशी खाली जायला हवे होते?" त्यावर आमच्याआधी त्याची आईच म्हणाली, "हो. मी नको म्हटले तरी."

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पुरणपोळ्या केल्या आणि खालच्या बाईंकडे घेऊन गेलो, पाच वर्षे उशिराने. आम्ही आभार मानले, मुलीने भाषांतर केले. त्या बाईंनी कमरेत वाकून उलट आमचीच माफी मागितली. त्या दिवशी न विचारता दार ठोठावले, फार उपद्रव दिला, असे म्हणाल्या. आणि हसल्या. पुरणपोळी चाखून म्हणाल्या, आत आन्पानसारखेच आहे.

आपल्यापैकी बरेच जण आता अश्दोद, रामले, दिमोना येथे एकेकटे राहतात आणि मुलांच्या फोनवर रोज "सगळे छान आहे" असे सांगतात. त्यांनी नातवंडांबरोबर 'तोतोरो' आणि 'काजवे' हे दोन्ही चित्रपट अवश्य पाहावेत. 'काजवे' मात्र दहा वर्षांखालच्या मुलांना दाखवू नये, आणि मोठ्या मुलांनाही एकट्याने पाहू देऊ नये. पाहून झाल्यावर चूक कोणाची, असा वाद जरूर घालावा. आमच्या घरात त्या वादाने पाच वर्षांचे एक मौन सुटले. आपली मते आम्हाला मासिकाच्या पत्त्यावर कळवावीत.